भोक पडलेल्या घमेल्याची ड्युटी

मी घमेलं बोलतोय. लोखंडी पत्र्याचं, दोन कानांचं, बांधकामावरचं साधं घमेलं. माझ्या तळाला रुपयाएवढं भोक आहे. ते आधीच सांगून ठेवतो, कारण मला बघितलं की लोक पहिल्यांदा त्यात बोट घालतात आणि मग "अरेरे" म्हणतात. अरेरे म्हणायचं कारण नाही. त्या भोकानं एका माणसाला पाच वर्षं छप्पर दिलं. धड असतो तर एवढं माझ्याच्यानं झालं नसतं.

माझा जन्म भिवंडीजवळच्या एका पत्रेवाल्याच्या शेडमध्ये झाला. वरून दट्ट्या खाली आला, धप्प झालं आणि सपाट पत्र्याचं घमेलं झालं. आम्ही दोनशे भावंडं एकमेकांच्या पोटात बसून जहाजानं दुबईला आलो. तिथून ट्रकनं सोनापूरला. कागदावर त्या भागाचं नाव मुहैस्नाह, पण तिथं राहणाऱ्या माणसांना ते उच्चारायला सवड नसते. नावात सोनं असलं तरी आजूबाजूला नुसत्या लेबर कॅम्पच्या चाळी, दोऱ्यांवर वाळत घातलेले निळे डगले आणि बसगाड्या.

माझ्यावर लाल रंगानं ४१७ लिहिलं आणि मला भिकाजीच्या हातात दिलं. भिकाजी गुहागरकडचा गवंडी. अंगानं काटकुळा, बोलायला कमी, पण भिंत अशी उभी करायचा की ओळंब्यानं लाजावं. आमची पहिली तीन वर्षं चांगली गेली. मी सिमेंटचा माल वाहिला, वाळू वाहिली, विटा वाहिल्या. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी मला घासून माझ्यात कपडे भिजवायचे. भिकाजीनं त्या तीन वर्षांत अकरा मजले बांधले. स्वतःचा एकही नाही. गावी त्याची बायको तानुबाई आणि मुलगी थोरल्या भावाच्या पडवीत राहायची.

मग १९९८ साली कंपनी बसली. कंपनीचं नाव सांगत नाही, बसलेल्या माणसाला हाक मारू नये. साइट बंद झाली, क्रेन गेली, इंजिनियर गेले. अबूधाबीच्या हेड ऑफिसात माणसांचे पासपोर्ट एका खोक्यात राहिले आणि सोनापूरच्या कॅम्पात बावीस माणसं राहिली. त्यांच्यावर कॅम्प इन्चार्ज म्हणून सुजीत होता. हा पुण्याचा, बायको-मुलीसकट अल कुसैसला फ्लॅटमध्ये राहायचा. मनानं वाईट नव्हता, पण फॅक्सच्या कागदाला फार भ्यायचा.

एक दिवस फॅक्स आला. त्यात दोन वाक्यं होती. कॅम्पातली खाट फक्त ड्युटीवर असलेल्या कामगारालाच मिळेल. पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट चालू काम पूर्ण झाल्यावर, आणि अवजार जमा केल्यावर मिळेल.

सुजीतनं तो कागद चारदा वाचला. मग माणसांना गोळा केलं.

"हे बघा, ड्युटी नाही तर खाट नाही. असं हेड ऑफिस म्हणतंय."

"पन साहेब, साइटच न्हाई तर ड्युटी कुठली?" बाबाजीनं विचारलं. हा माणदेशाकडचा, साठीला टेकलेला हेल्पर. गावी त्याला घर ना दार, वाट बघणारंही कोणी नाही. आखातात वीस वर्षं काढली, पण त्याच्या नावावर एक खाट तेवढी होती, तीही वरची.

सुजीत खिडकीतून बाहेर बघत राहिला. अंगणात जुन्या साइटवरून उरलेला धुतलेल्या वाळूचा ढीग होता, पुरुषभर उंच. सुजीतचा चेहरा एकदम उजळला. मी तेव्हाच ओळखलं की आता आपलं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणाच्या पूर्वेला चुन्याच्या फक्कीनं एक चौकोन आखला, पश्चिमेला दुसरा. सोमवारी ढीग पूर्वेकडून पश्चिमेला न्यायचा. मंगळवारी पश्चिमेकडून पूर्वेला आणायचा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, पण त्या न्हाव्याला निदान तुंबड्या लावल्याशिवाय झोपायला मिळणार नाही असं कोणी सांगितलेलं नसतं.

कोण ड्युटीवर आहे हे ओळखायचं कसं? तर हातात घमेलं असेल तो. संध्याकाळी खोल्यांच्या दाराशी रांग लागायची. घमेलं दाखवायचं, खाट घ्यायची. लोकांनी याचा इतका धसका घेतला की आंघोळीला जातानाही आम्ही बरोबर. एक जण दुपारी पडला तरी घमेलं छातीवर पालथं ठेवून पडायचा.

सुजीत रोज फॅक्स करायचा. ढीग पश्चिमेला गेला की "शिफ्टिंग पूर्ण", पूर्वेला आला की "री-शिफ्टिंग पूर्ण". तिकडे अबूधाबीत म्हणे लोक हरखून गेले. कंपनीची बाकी सगळी कामं ठप्प, हे एकच काम वेळेवर चाललेलं. महिन्याभरात शाबासकीचं पत्र आलं, सोबत शंभर टक्के हजेरीबद्दल बावीस टोप्या.

एका शुक्रवारी सुजीत आपल्या मुलीला, समिधाला घेऊन आला होता. काम मागे पडलं म्हणून त्या जुम्म्याला अर्धा दिवस ओव्हरटाइम होता. ती सात वर्षांची पोर गाडीला टेकून बराच वेळ बघत राहिली.

"डॅडी, दे जस्ट टुक इट देअर. व्हाय आर दे पुटिंग इट बॅक?"

"बाळा, ते ऑफिसचं काम आहे. यू विल नॉट अंडरस्टँड."

"डू यू अंडरस्टँड?"

सुजीतनं तिला गाडीत बसवून एसी लावून दिला.

जानेवारीत तानुबाईचं पत्र आलं. भिकाजीनं ते मला पालथं घालून माझ्यावर बसून वाचलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "भावोजींनी सांगितलंय, शिमग्यापर्यंत पडवी रिकामी करा. त्यांच्या नीलेशचं लग्न आहे, सुनेला जागा हवी. गावठाणातला तुकडा आपल्या नावावर आहे, पण नुसत्या तुकड्यावर पोरीला कुठे निजवू? तुम्ही या. चार भिंती तुमच्या हातच्या, एवढंच मागते."

भिकाजीनं पत्राची घडी केली. मग बाबाजीला म्हणाला, "दादा, मी हिकडं घमेलं दाखवून निजतंय आणि तिकडं माझी बायको रस्त्यावर येतली. गवंड्याची बायको!"

"काम संपलं की सोडतील की," बाबाजी म्हणाला.

"ह्या काम संपणार कसा, दादा? उद्या परत हिकडं आणायचा."

बाबाजी आपला त्याच्याशेजारी येऊन बसला.

पुढच्याच शुक्रवारी वारा सुटला. तिकडे शमाल म्हणतात त्याला. सकाळी माणसं पायी बाजाराला गेली होती, कांदे-बटाटे आणायला. आम्ही घमेली अर्थातच बरोबर, त्यातच कांदे. तास-दोन तास नुसता भुरका उडत होता. तेवढ्यात सुजीत गाडीनं कॅम्पात येऊन गेला. बघतो तर काय, ढीग नाही! पूर्वेला नाही, पश्चिमेलाही नाही. सुंठीवाचून खोकला गेला. त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्यानं केबिनमध्ये जाऊन तिथल्या तिथं फॅक्स केला, "काम पूर्ण. पासपोर्ट पाठवावेत." आणि घरी जाऊन जेवला.

आम्ही परतलो ते यानंतर. अंगण लख्ख. माणसं जागच्या जागी थिजली.

"ढीग गेला," कोणीतरी म्हणालं.

"ढीग नाय तर काम नाय," भिकाजी म्हणाला. "काम नाय तर खाट नाय, आणि आळ आपल्यावर येईल. वाळू इकली म्हणतील. मग कसला पासपोर्ट!"

आणि मग जे झालं ते सांगायला मला आजही संकोच वाटतो. कॅम्पच्या मागच्या कुंपणाला एक फट होती. पलीकडे वाळवंट, जिथवर नजर जाईल तिथवर फुकट वाळू. बावीस माणसं दबकत दबकत त्या फटीतून बाहेर गेली आणि वाळवंटात वाळूची चोरी करू लागली. मी एकट्यानं चाळीस खेपा केल्या. भिकाजी गवंडी असल्यामुळे त्याला ही वाळू पसंत नव्हती. "ही गोल असता, मालाला धरीत नाय," असं दर खेपेला पुटपुटायचा, पण ओतायचा. शिवाय या माणसांचा स्वभाव असा की काम करायचं तर हात आखडून करायचं नाही. दिवस मावळेपर्यंत जो ढीग उभा राहिला तो आधीच्या दीडपट होता. भिकाजीनं त्याच्या बाजू थापीनं सारख्या करून दिल्या.

शनिवारी सकाळी अबूधाबीचे साहेब आले. सफारीतले, चष्म्यातले. त्यांच्या ड्रायव्हरच्या हातात पासपोर्टांचं खोकं. पाठोपाठ सुजीत हसत हसत गाडीतून उतरला आणि ढीग बघून तसाच दाराला धरून उभा राहिला.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"सर... कल नहीं था."

साहेबांनी मूठभर वाळू घेऊन बोटांतून सोडली. "पहले वाला सँड अलग था. ये नया माल है." त्यांनी हात झटकले. मग समाधानानं म्हणाले, "मतलब फेज वन खलास. ये फेज टू है. गुड, व्हेरी गुड. यल्ला, चालू करो."

खोकं परत गाडीत गेलं. भिकाजी गाडीच्या मागे दहा पावलं पळाला आणि थांबला.

साहेबांनी जाताना एक हुकूम सोडला होता, कुंपणाची फट बुजवा. सुजीतनं ते काम भिकाजीला दिलं. आता दुसरा कोणी असता तर कच्चं काम करून ठेवलं असतं. पण भिकाजीच्या हाताला खोटं काम येतच नव्हतं. त्यानं ब्लॉक लावले, सांधे भरले, वर तीन दिवस पाणी मारलं. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की ढीग कायमचा संपवायचा तर तो कॅम्पबाहेर टाकला पाहिजे, आणि बाहेर टाकायची एकुलती एक वाट त्यानं स्वतः बुजवली आहे. त्यानं पहारीनं ती भिंत ठोकून पाहिली. भिंत हलली नाही. मला त्याचा इतका अभिमान आणि इतका राग एकदम कधीच आला नव्हता.

राहिलं फाटक. फाटकातून सामान बाहेर न्यायला गेटपास लागतो. गेटपासचं पुस्तक संपलं होतं आणि नवं छापून देणारा छापखाना कंपनीची वाट बघून थकला होता. फाटकावर रोशन नावाचा उत्तरेकडचा वॉचमन. प्रत्येकाची पिशवी उघडून बघायचा.

तेव्हा मग वाळवंटातून चोरून आत आणलेली वाळू चोरून वाळवंटात न्यायचं ठरलं. शिमग्याला पाच आठवडे होते. माणसं बुटांतून वाळू नेऊ लागली. खिशांतून, मुंडाशातून, जेवणाच्या डब्यातून. शेजारच्या कॅम्पातले लोक गप्पा मारायला यायचे, त्यांना जाताना अर्धा डबा वाळू द्यायची. पाहुणचार म्हणून. त्यांत गुजराती होते, केरळचे होते; डबा घेताना कोणी का म्हणून विचारलं नाही. घर लांब असलेल्या माणसाला अशा गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. दिवसभर मात्र आम्ही नेमानं पूर्व-पश्चिम करत होतो, आणि ढीग रोज थोडा खाली बसत होता.

एकदा रोशननं बाबाजीला अडवलं. "चाचा, खाली डब्बा लेके लोग अंदर आता है, भरके जाता है. क्या है इसमें?"

"परसाद," बाबाजी म्हणाला.

रोशननं झाकण उघडलं. आत पाहिलं. मग अंगणातल्या ढिगाकडे पाहिलं. मग समोर पसरलेल्या वाळवंटाकडे. त्यानं झाकण लावून डबा परत दिला. "जल्दी खलास करो, चाचा," एवढंच बोलला. दुसऱ्या दिवसापासून ड्युटी संपल्यावर त्याच्याही बुटांतून वाळू जाऊ लागली.

याच दिवसांत मला भोक पडलं. चूक कोणाची नाही. एवढ्या खेपांत पत्रा झिजला. आधी सुईएवढं होतं. भिकाजी चालायचा आणि त्याच्यामागे वाळूची बारीक रेघ पडत जायची.

शिमग्याला आठ दिवस असताना ढीग संपला. शेवटची वाळू माणसांनी केरसुणीनं गोळा केली. साहेब आले, त्यांनी दोन्ही चौकोन फिरून बघितले, वाकून जमिनीला हात लावला आणि सही केली. खोकं टेबलावर आलं. "टूल जमा करो, पासपोर्ट लो."

नियम म्हणजे नियम. प्रत्येक घमेल्यात एक तांब्या पाणी ओतून बघायचं. एकेक घमेलं जमा होत होतं, एकेक माणूस पासपोर्ट कपाळाला लावून बाजूला होत होता. माझ्यात पाणी ओतलं. ते सरळ साहेबांच्या बुटावर पडलं.

"डॅमेज टूल. एन्क्वायरी होगा. तीन-चार महिना."

"साहेब, शिमगा..." भिकाजी म्हणाला. मी तेव्हा जन्मात पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. म्हटलं, वितळव मला, पण हा माणूस सुटू दे.

भिकाजीच्या मागे रांगेत बाबाजी होता. त्यानं भिकाजीच्या हातातून मला काढून घेतलं आणि स्वतःचं धड घमेलं त्याच्या हातात दिलं. आमच्या अंगावरचे आकडे वाळूनं केव्हाच पुसले होते, त्यामुळे कोण कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता.

"दादा, असा नको करू," भिकाजी म्हणाला.

"गप. मला कुठं शिमग्याची घाई हाय? मी सुटलो तर जाऊ कुठं? हितं खाट तरी हाय. तू भिंती बांध जा."

साहेबांनी सगळं पाहिलं असणार. पण चष्मा पुसायला त्यांना तेवढाच मुहूर्त सापडला.

भिकाजी गेला. बाबाजीच्या नावापुढे शेरा पडला, "अवजार जमा नाही, चौकशी प्रलंबित, कामगार ड्युटीवर." चौकशी करणारं ऑफिसच पुढे सहा महिन्यांत उठलं. पण शेरा राहिला. कॅम्प एकाकडून दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. सुजीत गेला, इन्चार्ज बदलले. प्रत्येकाच्या यादीत पहिल्या ओळीत बाबाजी: कामगार एक, घमेलं एक, काम काही नाही. रोज संध्याकाळी तो मला घेऊन दाराशी उभा राहायचा, इन्चार्ज मला बघायचा, आणि बाबाजीला खाट मिळायची. अशी पाच वर्षं. मला कोणी डाग मारून भोक बुजवलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो रस्त्यावर होता. म्हणून तो मला लोहाराच्या वाऱ्यालाही उभं करायचा नाही.

भिकाजीची पत्रं येत. शिमग्याच्या दिवशी भिंती कमरेइतक्या झाल्या होत्या, वर ताडपत्री टाकून तिघं आत राहायला गेली. पुढच्या वर्षी कौलं चढली. मग लिहिलं, "घराला पडवी काढली आहे. ती तुमची. या." बाबाजी दर वेळी पत्र घडी करून ठेवायचा.

"पडवी म्हंजे शेवटी पडवी," मला म्हणायचा. "पडवीतल्या मानसाला एक दिवस ऊठ म्हणत्यात. भिकूलाच म्हनले हुते न्हवं? आन या वयात कुणी ऊठ म्हनलं तर मी कुठं जाऊ?"

२००४ मध्ये लतिका मॅडम इन्चार्ज म्हणून आल्या. तरुण, ठाण्याच्या, कामाला वाघ. पाच वर्षं एक म्हातारा भोकाच्या घमेल्यासाठी अडकून पडलाय हे वाचून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी स्वतःच्या खर्चानं नवं कोरं घमेलं विकत आणलं.

"काका, हे घ्या. हे जमा करा, मी फाइल क्लोज करते. यू आर फ्री. घरी जा."

बाबाजीचा चेहरा पांढरा पडला. दया करून माणसाला बेघर करायची रीत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्यानं नवं घमेलं खाटेखाली सारलं आणि पंधरा दिवस त्याला हात लावला नाही. संध्याकाळी मलाच घेऊन दाराशी जायचा. मॅडम गोंधळून बघत राहायच्या.

मग पाकीट आलं. आत फोटो होता. बाबाजीचे डोळे अधू झालेले, म्हणून तो मॅडमकडे घेऊन गेला. मी काखेत होतोच.

मॅडमनी वाचलं, "दादा, तुम्ही का येत नाही ते मला उमगलं. मीही पडवीत राहिलेला माणूस आहे. म्हणून पडवी घरापासून तोडून घेतली. तिला चौथी भिंत घातली, दार वेगळं केलं. घराच्या उताऱ्याबरोबर कागद केला आहे, तुमच्या हयातीपर्यंत जागा तुमची. दाराला कडी आतून बसवली आहे. बाहेरून बसवलेली नाही. फोटोत बघा."

बाबाजीनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"परत वाचा," तो म्हणाला. "कडीचं."

मॅडमनी परत वाचलं.

"आतनं," बाबाजी म्हणाला. "म्हंजे मी आत गेलो, कडी लावली, की मग कुणाला काय दाखवायचं न्हाई?"

"काही नाही, काका. कुणालाच काही दाखवायचं नाही."

म्हातारा तिथंच खुर्चीत बसला आणि रडला. वीस आणि पाच, पंचवीस वर्षांचं. मॅडमनी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवं घमेलं जमा केलं. पाणी ओतून बघितलं, एक थेंब गळला नाही. जाताना त्यानं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. भोकात बोट घातलं नाही.

आता मी स्टोअरच्या कोपऱ्यात असतो. भंगारवाला गुरुवारी येतो, बहुधा याच गुरुवारी. मला त्याचं दुःख नाही, वितळलो तर कदाचित कुणाच्या दाराची कडी होईन. जाण्याआधी एक विनंती आहे. तुमच्या वाटेवर कुठे एखादा माणूस वाळू इकडून तिकडे आणि तिकडून इकडे टाकताना दिसला, तर त्याला हसू नका आणि शहाणपणही शिकवू नका. आज झोपायला कुठे आहेस, एवढं विचारा. ढिगाचं मग बघता येईल.